पोटऱ्यांचा ठणका: लावणीच्या श्रमाचा की लेप्टोचा?

आर्द्रा लागून भातलावणीने वेग घेतला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जिममध्ये येणारी बरीच मुले दोन-तीन आठवडे वजनांकडे फिरकत नाहीत, कारण घरच्या खाचरात माणूस कमी पडत असतो. या खंडात पोटऱ्या, मांड्या आणि कंबर दुखू लागली की त्याचे खापर लावणीवर फुटते आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. मात्र त्याच चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस (थोडक्यात लेप्टो) या जिवाणूजन्य आजारातही दुखणे प्रामुख्याने पोटऱ्या आणि कंबरेतच उठते. स्नायूंचे दुखणे अंगवळणी पडलेला व्यायामपटू येथे इतरांपेक्षा लवकर फसतो, असे मला वाटते.

दीडशे किलोची डेडलिफ्ट मारणाऱ्याला दोन गुंठे लावणीने अंथरूण का धरावे लागते, हा प्रश्न थट्टेचा वाटला तरी त्याला नेमके उत्तर आहे. स्नायू ताणला जात असतानाच त्याला भार पेलावा लागला, तर त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, पाठोपाठ दाह होतो आणि दुखणे १२ ते २४ तासांनी सुरू होऊन साधारण २४ ते ७२ तासांच्या दरम्यान कळसाला पोचते. तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) जुड्या डोक्यावर घेऊन पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर नेमका असाच भार येतो, तर वाकून मागे मागे सरकताना मांडीचा मागचा भाग आणि कंबर तासन्‌तास ताणलेल्या स्थितीत राहतात. लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे हे दुखते ही समजूत जिममध्ये अजून घट्ट आहे. प्रत्यक्षात ते आम्ल काम थांबल्यावर तासाभरातच बहुतांशी निघून जाते. एखाद्या हालचालीची सवय झाली की पुढचे काही आठवडे तीच हालचाल तितकी दुखवत नाही, पण हे संरक्षण त्या त्या हालचालीपुरतेच असते आणि खंड पडला की ओसरत जाते. ताकद टिकून असतानाही अंग दुखते, ते यामुळे.

लेप्टोचा मार्ग अगदी वेगळा आहे. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा हे जिवाणू खाचराच्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, कापल्या-खरचटल्या जागेतून किंवा डोळ्या-तोंडाच्या नाजूक त्वचेतून शरीरात शिरतात. लक्षणे दिसायला २ ते ३० दिवस, बहुधा ५ ते १४ दिवस लागतात. मग एकाएकी थंडी वाजून ताप, तीव्र डोकेदुखी आणि स्नायूंची वेदना सुरू होते; पुष्कळदा डोळे लाल होतात, पण त्यांतून चिपडे येत नाहीत. कावीळ, लघवी कमी होणे आणि फुप्फुसांतील रक्तस्राव ही पुढची, जिवावर बेतणारी पायरी होय.

एकाच दिवसाच्या कामानंतर दुखले तर मागे मोजणे सोपे असते: श्रमाचे कारण गेल्या एक-दोन दिवसांत सापडते, तर लेप्टोचे बहुधा आठवडाभर किंवा त्याहून मागे. पण लावणी पंधरा दिवस चालते आणि पाय रोजच पाण्यात असतात, तेव्हा हा हिशेब बिघडतो. अशा वेळी दुखण्याचा कल पाहावा. श्रमाचे दुखणे पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वाधिक असते आणि तेच काम चालू ठेवले तरी शरीर सरावल्याने उतरत जाते. त्यामुळे सरावलेल्या कामाच्या दहाव्या दिवशी पोटऱ्या नव्याने ठणकू लागल्या, तर त्याचा दोष कामाला देणे पटत नाही. दाबल्यावर पोटरी दोन्हींत दुखते, म्हणून त्या चाचणीवर विसंबू नये. श्रमाने आखडलेला माणूस पाटावर बसताना भिंतीचा आधार घेतो, पण चार पावले चालल्यावर मोकळा होतो आणि स्वस्थ पडून राहिल्यास त्याला फारसे दुखत नाही. लेप्टोच्या रुग्णाला पडूनही चैन नसते. सर्वांत मोठा फरक तापाचा: श्रमाने अंग दुखते, ताप येत नाही.

म्हणूनच या हंगामात अंगदुखीवर वेदनाशामक गोळी घेण्यापूर्वी थर्मामीटर लावावा. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतल्याने ताप झाकला जातो, शिवाय लेप्टोत आधीच धोक्यात असलेल्या मूत्रपिंडांवर भार पडतो. रक्तातील क्रिएटिन कायनेज (स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात उतरणारे विकर) दोन्हींत वाढू शकते, तेव्हा तो एकच आकडा पाहून निष्कर्ष काढता येत नाही; आणि प्रतिपिंडांची तपासणी पहिल्या काही दिवसांत नकारात्मक येऊ शकते. त्यामुळे ताप आणि चिखलात काम केल्याचा इतिहास एवढ्यावरही डॉक्टर प्रतिजैविके सुरू करतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्यावर ‘जिमला जातो’ हे सांगण्याआधी ‘लावणीला होतो’ हे सांगावे. पायांना भेगा असल्यास गमबूट घालावेत. आठवड्यातून एकदा घ्यायची डॉक्सिसायक्लिनची प्रतिबंधक मात्रा मात्र वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावी.

लघवी चहासारखी गडद झाली तर कारण कोणतेही असो, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

वजनांकडे परतण्याचे वेळापत्रकही दोन्हींत सारखे नाही. श्रमाच्या दुखण्यात दुसऱ्या दिवशीही हलका व्यायाम चालतो आणि आठवड्याभरात पूर्ववत होता येते. लेप्टोनंतर थकवा कित्येक आठवडे रेंगाळू शकतो, तेव्हा मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या पूर्ववत आल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत बारबेलला हात लावू नये, आणि त्यानंतरही सुरुवात जुन्या वजनाच्या निम्म्याहून कमीवर करावी.