बेआत्रिचे (कानोव्हाचा अर्धपुतळा)

बेआत्रिचे हा इटालियन शिल्पकार आंतोनियो कानोव्हा (१७५७-१८२२) याने केलेला संगमरवरी अर्धपुतळा. नाव इटालियन कवी दान्तेच्या नायिकेचं आणि चेहरा पॅरिसच्या ज्युलिएत रेकामिएचा, हे कसं झालं तेच यात सगळ्यात इंटरेस्टिंग आहे.

रेकामिए (१७७७-१८४९) म्हणजे त्या काळची पॅरिसमधली गाजलेली सुंदरी, तिच्या घरी लेखक, राजकारणी सगळ्यांची बैठक जमायची, पण नेपोलियनची मर्जी गेली आणि १८११ मध्ये तिला पॅरिस सोडावं लागलं, मग १८१३ मध्ये ती रोमला आली आणि तिथं कानोव्हाशी चांगली ओळख झाली. पुढे ती नेपल्सला गेली तेव्हा इकडे कानोव्हाने तिला न सांगता, समोर न बसवता, निव्वळ आठवणीवर तिचे मातीचे दोन अर्धपुतळे केले, एक उघड्या डोक्याचा आणि एक डोक्यावर ओढणी घेतलेला. ती परतल्यावर मोठ्या हौसेने दाखवले, आणि तिला ते आवडलेच नाहीत! तिने तोंडावर बोलून दाखवलं नाही तरी कानोव्हाला कळायचं ते कळलं आणि चांगलंच लागलं. मग त्याने ओढणीवालीच्या डोक्यावर ऑलिव्हच्या पानांचा मुकुट चढवला, झाली बेआत्रिचे.

मुकुट उगाच नाहीये. दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्यात 'पुर्गातोरिओ' या भागाच्या ३०व्या सर्गात बेआत्रिचे कवीसमोर येते ती पांढरी ओढणी, वर ऑलिव्हचा मुकुट, हिरवा झगा आणि आत ज्वाळेच्या रंगाचं वस्त्र अशी. पांढऱ्या दगडात हिरवा-लाल कुठून आणणार, म्हणून कानोव्हाने ओढणी आणि मुकुट एवढंच उचललं आणि माझ्या मते तेवढ्यावर ओळख पक्की पटते.

त्याच्याकडे काम असं चालायचं: आधी माती, मग त्यावरून प्लास्टरची प्रतिकृती, त्या प्लास्टरवर धातूचे छोटे खिळे ठोकून मापं घ्यायची, मदतनीस संगमरवर ओबडधोबड कोरून द्यायचे आणि शेवटचा हात कानोव्हाचा, तोही बऱ्याचदा मेणबत्तीच्या उजेडात, कारण तिरप्या उजेडात कातडीचे बारीक चढउतार नीट दिसतात. त्याच्या जन्मगावी, पोसान्यो इथल्या म्युझियममधल्या प्लास्टरवर ते खिळे अजून दिसतात.

कानोव्हा गेल्यावर त्याच्या सावत्र भावाने संगमरवरी बेआत्रिचे रेकामिएकडेच पाठवून दिली, सोबत दान्तेच्या ओळी आणि हे १८१३ मध्ये आठवणीतून घडवलेलं तिचंच पोर्ट्रेट आहे असा मजकूर.