नाव न लिहिता दिलेली उत्तरं

७ डिसेंबर १९४१ च्या रविवारी जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले. दुसऱ्या दिवशी अमेरिका युद्धात उतरली आणि नेमक्या त्याच दिवशी नॉर्थ कॅरोलिनातल्या फोर्ट ब्रॅग छावणीत नवव्या पायदळ डिव्हिजनचे जवान पेन्सिली घेऊन प्रश्नावल्या भरत बसले होते. लष्कर कसं वाटतं, नेमून दिलेलं काम जमतं का, अधिकाऱ्यांबद्दल काय मत आहे, असे प्रश्न. तारीख आधीच ठरलेली होती, मध्येच युद्ध आलं. पाहणी मात्र रद्द झाली नाही.

ती होऊ शकली हेच मुळात नवल. त्याच वर्षी अमेरिकेच्या युद्धखात्याने सैन्यात मतचाचण्या घ्यायला मनाई केली होती. सैन्य परस्परविश्वासावर चालतं, निनावी मतं गोळा केली की शिस्तीला सुरुंग लागतो, अशी युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांची धारणा होती. ती अगदीच खुळचट म्हणता येणार नाही. आपल्या हाताखालचे लोक आपल्याबद्दल काय बोलतात हे कागदावर उतरवून वर पाठवलं जाणार, ही कल्पना आजही कुठल्या साहेबाला रुचेल? लष्करातल्या मनोधैर्य विभागाचे प्रमुख फ्रेडरिक ऑसबर्न यांनी मात्र पाठपुरावा सोडला नाही. सरसेनापती जॉर्ज मार्शल यांचा पाठिंबा मिळाला आणि संशोधन शाखेला वाट मोकळी झाली. तिच्या प्रमुखपदी सॅम्युएल स्टाउफर नावाचा समाजशास्त्रज्ञ आला.

स्टाउफर आयोवातल्या सॅक सिटी या छोट्या गावचे. संख्याशास्त्रात मुरण्याआधी काही वर्षं त्यांनी वडिलांचं स्थानिक वर्तमानपत्र सांभाळलं होतं. मला या तपशिलाचं फार महत्त्व वाटतं. सरकारी संशोधन पथकाच्या प्रमुखाला दोन टोकांशी बोलावं लागतं. एकीकडे शास्त्र जाणणारे सहकारी असतात, दुसरीकडे चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ न देणारे सेनाधिकारी. स्टाउफरनी शंभर पानी अहवालांचे गठ्ठे वर पाठवण्यावर भागवलं नाही. सेनाधिकाऱ्यांसाठी त्यांनी एक सचित्र नियतकालिक काढलं. त्याचं नावच होतं ‘सैनिकाला काय वाटतं’. साधे आलेख, सोपी भाषा, आणि यातून काय करता येईल याच्या सूचना. युद्ध संपेपर्यंत या शाखेने पाच लाखांहून अधिक सैनिकांना प्रश्न विचारले. दोनशेच्या वर वेगवेगळ्या प्रश्नावल्या तयार झाल्या. पनामातल्या छावण्यांत कपडे धुण्याची काय सोय आहे इथपासून नैर्ऋत्य पॅसिफिकमधले जवान मलेरियाची गोळी नियमित का घेत नाहीत इथपर्यंत काहीही त्यांच्या यादीत असे.

ही सगळी इमारत एका खोलीवर उभी होती, म्हणून त्या खोलीत जरा रेंगाळू या. जेवणघरात किंवा करमणुकीच्या खोलीत एका वेळी काही डझन जवानांना बसवलं जाई. कोणी यायचं हे कंपनीचा अधिकारी ठरवत नसे, नाहीतर त्याने आपली गुणी बाळंच पुढे केली असती. निवड नमुना-पद्धतीने होई. खोलीत अधिकारी थांबत नसे. सूचना देणारा माणूसही साधा शिपाईगडीच, या कामासाठी तयार केलेला. तो आधी सांगे की नाव लिहायचं नाही, नंबर लिहायचा नाही, हे कागद तुमच्या कंपनीत परत जाणार नाहीत. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांना वेगळं बसवून तोंडी विचारत. त्या काळी अमेरिकी सैन्यात गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या पलटणी वेगळ्या असत. कृष्णवर्णीय जवानांसमोर कृष्णवर्णीय सहकारीच उभा राही. शेवटच्या पानावर कोरी जागा असे, मनात येईल ते लिहायला. हजारो जवानांनी ती भरली. युद्धानंतर ही हस्ताक्षरातली पानं मायक्रोफिल्मवर पडून राहिली. अलीकडे व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या पुढाकाराने सामान्य स्वयंसेवकांनी ती वाचून संगणकावर उतरवली.

एवढा खटाटोप कशासाठी? उत्तरं तर आधीच ठाऊक असतात, असं तेव्हाही अनेकांचं म्हणणं होतं. १९४९ साली या संशोधनाचा ‘द अमेरिकन सोल्जर’ हा ग्रंथ आल्यावर पॉल लाझार्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञाने त्याचं परीक्षण करताना एक खेळी केली. त्यांनी काही निष्कर्ष मांडले. जास्त शिकलेल्या सैनिकांत मानसिक तक्रारी जास्त आढळल्या. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या जवानांना पॅसिफिक बेटांवरचा उकाडा उत्तरेकडच्यांपेक्षा सहज सोसला. लढाई चालू असताना सैनिक घरी परतायला जितके उतावीळ होते तितके ती संपल्यावर नव्हते. वाचणारा मान डोलावतो. शिकलेला माणूस नाजूक, गरम मुलखातला माणूस काटक, यात शोधायचं काय? मग लाझार्सफेल्ड सांगतात की आकडे यातल्या प्रत्येक वाक्याच्या नेमके उलट निघाले होते. खरे निष्कर्ष आधी सांगितले असते तर तेही आपल्याला तितकेच उघड वाटले असते.

सर्वांत गाजलेला निष्कर्ष बढतीबद्दलचा. लष्करी पोलीस दलात बढत्या फार मंद होत्या, हवाई दलात भराभर. मग बढतीच्या संधीबद्दल नाराज कोण असणार? नाराजी हवाई दलात जास्त निघाली. तिथे आजूबाजूचे पटापट वर चढताना दिसत होते. मागे राहिलेल्याला ते टोचायचं, आणि जो चढला त्यालाही त्यात विशेष वाटत नसे, कारण सगळेच चढत होते. लष्करी पोलिसात मात्र बहुतेकांची पाटी कोरीच, त्यामुळे ज्याला फीत मिळाली तो खूश आणि ज्याला नाही त्याला कमीपणा नाही. माणूस आपली परिस्थिती शेजाऱ्याच्या परिस्थितीशी ताडून पाहतो. समाजशास्त्रात याला सापेक्ष वंचितता म्हणतात आणि पगारापासून आरक्षणापर्यंतच्या असंतोषाचा अभ्यास करताना ही कल्पना आजही वापरली जाते.

आरोग्याच्या दृष्टीने मला मोठं वाटतं ते भीतीवरचं काम. दक्षिण पॅसिफिकमध्ये लढून आलेल्या एका पायदळ डिव्हिजनला विचारलं गेलं की मारा चालू असताना तुमच्या शरीराला काय होत होतं. ८४ टक्के जवानांनी छाती जोरात धडधडत होती असं लिहिलं. ६१ टक्के थरथर कापत होते. २७ टक्क्यांना उलट्या झाल्या होत्या आणि २१ टक्क्यांचा शौचावरचा ताबा सुटला होता. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. पाचांतला एक. हे कुठला शिपाई आपल्या सुभेदारासमोर उभा राहून कबूल करेल? तो एकटाच स्वतःला भेकड समजत कुढत बसणार, आणि शेजारच्या खंदकातलाही तेच करत असणार. आकडा हाती आला की शिकवणारे रंगरूटांना छातीठोक सांगू शकतात की भीती सगळ्यांना वाटते, शरीर असंच वागतं, आणि तरीही माणूस आपलं काम करू शकतो. भीती लपवण्यात जी शक्ती जाते ती वाचते. जवानाचं मन कणखर करायचा यापेक्षा स्वस्त आणि प्रामाणिक उपाय मला माहीत नाही.

लढत राहायला बळ कशाने येतं, हेही विचारलं गेलं. लढणाऱ्या पायदळातल्या ३९ टक्के शिपायांचं उत्तर होतं की एकदाचं हे काम संपवून घरी जायचं आहे. १४ टक्क्यांनी सोबत्यांचं नाव घेतलं. उदात्त ध्येय सांगणारे ५ टक्के निघाले आणि शिस्त वा वरिष्ठांचं नेतृत्व सांगणारा जेमतेम १ टक्का. याच शाखेत मानसशास्त्रज्ञ कार्ल होव्हलंड यांनी हॉलीवूडचे दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांच्या प्रचारपटांची परीक्षा घेतली. काही तुकड्यांना चित्रपट दाखवायचा, काहींना नाही, आणि दोघांना तेच प्रश्न विचारायचे. जवानांची माहिती वाढली, पण लढण्याची इच्छा जवळजवळ होती तिथेच राहिली. लष्करानेच पैसे ओतून काढलेल्या चित्रपटांबद्दल लष्कराच्याच पगारी माणसांनी असा निकाल द्यावा आणि तो छापलाही जावा, याला मी या पथकाचं खरं यश मानतो.

तग धरण्याला मर्यादा असते, हे इटलीच्या आघाडीने दाखवलं. लष्करी मनोविकारतज्ज्ञ जॉन अपेल १९४४ साली तिथे आघाडीवर राहून आले. त्यांनी आणि गिल्बर्ट बीब यांनी १९४६ मध्ये मांडलं की लढाईची सवय कधीच होत नाही. एकूण २०० ते २४० दिवस प्रत्यक्ष लढल्यावर सरासरी सैनिक निकामी होतो, मग तो कितीही शूर असो. ब्रिटिश सैनिक त्यांच्या अंदाजाने ४०० दिवसांपर्यंत टिकत, कारण साधारण बारा दिवसांनी त्यांना चार दिवस मागे विश्रांतीला आणत. म्हणजे शौर्याच्या जोडीला पाळ्यांचं वेळापत्रकही तितकंच निर्णायक होतं.

त्याच इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी लढत होत्या. १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी पराक्रम गाजवला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या सोबत्यांच्या मनात काय चाललं होतं हे जाणून घ्यायचीही यंत्रणा होती, पण वेगळी. हिंदी जवानांची घरची पत्रं सेन्सॉरचे अधिकारी उघडून वाचत आणि त्यावरून अहवाल बनवत. आज इतिहासकारांना ते अहवाल मोलाचे वाटतात. पण पत्र उघडलं जाणार हे लिहिणाऱ्याला माहीत असे. गावाकडे काळजी नको म्हणून तो आधीच अर्धं गिळत असणार, आणि साहेब वाचणार म्हणून उरलेल्यातलं अर्धं. मराठा पलटणीतल्या किती जणांची छाती धडधडत होती, किती जण थरथरत होते, याचा आकडा त्या पत्रांतून कसा निघणार?

विचारण्याची ताकद किती असते, याचं एक उदाहरण सांगायलाच हवं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात माणसं कमी पडल्यावर युरोपात काही गोऱ्या कंपन्यांत कृष्णवर्णीय स्वयंसेवकांच्या तुकड्या घातल्या गेल्या. नंतर स्टाउफरच्या पथकाने गोऱ्या जवानांना विचारलं की अशी मिश्र व्यवस्था तुमच्या कंपनीत आली तर? जिथे अशी तुकडी नव्हतीच तिथल्या ६२ टक्क्यांनी ती अत्यंत नापसंत असल्याचं सांगितलं. ज्यांच्या कंपनीत ती होती आणि जे तिच्या खांद्याला खांदा लावून लढले होते, त्यांच्यात हे प्रमाण होतं ७ टक्के. जुलै १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यात समान वागणुकीचा हुकूम काढला. गोरे जवान हे कधीच सहन करणार नाहीत, या सेनापतींच्या ठाम विधानाला उत्तर देणारा कागद तोवर तयार होता.

युद्ध संपताना आधी घरी कोणाला पाठवायचं, हेही जवानांनाच विचारून ठरलं. त्यातून गुणांची पद्धत निघाली. सेवेच्या प्रत्येक महिन्याला एक, परदेशातल्या महिन्याला आणखी एक, लढाईतल्या प्रत्येक सन्मानाला पाच आणि मुलामागे बारा गुण, पण तीन मुलांपर्यंतच. मे १९४५ मध्ये ८५ गुणांवाल्यांना मोकळं करायला सुरुवात झाली.

हा वारसा अमेरिकेत पुढे वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेने चालवला. २००३ पासून तिच्या मनःस्वास्थ्य पाहणी पथकांनी थेट इराकमध्ये जाऊन जवानांना निनावी प्रश्नावल्या दिल्या. २००८ च्या अहवालात दिसलं की पहिल्या तैनातीवरच्या हवालदार दर्जाच्या सैनिकांत मानसिक त्रासाचं प्रमाण सुमारे १२ टक्के होतं, तर तिसऱ्या-चौथ्या तैनातीवर सुमारे २७ टक्के. त्याच वर्षी तैनातीची मुदत पंधरा महिन्यांवरून बारावर आणली गेली. त्याआधी २००४ मध्ये चार्ल्स होग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं की इराक-अफगाणिस्तानातून आलेल्या ज्या सैनिकांत मानसिक आजाराची लक्षणं दिसत होती, त्यांच्यापैकी २३ ते ४० टक्केच मदत घ्यायला गेले होते. ज्यांना गरज जास्त, त्यांनाच लोक काय म्हणतील याची धास्ती जास्त होती.

भारतात सैनिकी मानसशास्त्राची सुरुवात १९४३ मध्ये डेहराडूनच्या प्रायोगिक निवड मंडळापासून झाली. तीच पुढे डीआरडीओच्या मानसशास्त्रीय संशोधन संस्थेपर्यंत पोचली. पुण्यात किंवा संभाजीनगरात सैन्यात अधिकारी व्हायची तयारी करणारा प्रत्येक मुलगा एसएसबीच्या, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, ज्या चाचण्यांचा धसका घेतो त्या याच परंपरेतल्या. निवडीच्या चाचणीत नाव लागतंच, त्याला इलाज नाही. पण भरती झालेल्या जवानाची प्रकृती कशी आहे हे कळून घ्यायला तीच रीत वापरली तर काय होतं, याची थेट परीक्षा अमेरिकेत झाली आहे.

इराकहून परतलेल्या एका ब्रिगेडने नेहमीची नावानिशी आरोग्य तपासणी भरून दिली. नंतर त्यातल्याच काही जवानांना निनावी प्रश्नावली दिली गेली. निकाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्य, आघातोत्तर ताण, आत्महत्येचे विचार यांचं प्रमाण निनावी कागदावर दुप्पट ते चौपट निघालं. जवान तेच, लढाई तीच. ज्यांच्यात नैराश्याची किंवा आघातोत्तर ताणाची लक्षणं सापडली त्यांच्यापैकी सुमारे २० टक्क्यांनी निनावी कागदावर लिहिलं की नाव असलेल्या अर्जात खरं सांगायला आम्हाला अवघड वाटतं. उपचारासाठी नाव लागतं, हे खरंच. म्हणून पथकाच्या प्रमुखाला दोन वेगळ्या वह्या ठेवाव्या लागतात, एक डॉक्टरची आणि एक मोजणीची, आणि दुसऱ्या वहीतलं नाव मागायला कोणी वरिष्ठ आला तर त्याला नाही म्हणावं लागतं.