ओढणारी सिव्हिक, ढकलणारी झेड

आमच्या घरात दोन जपानी गाड्या आहेत: माझी जुनी होंडा सिव्हिक आणि धाकट्या भावाची निसान 370 झेड ही स्पोर्ट्स कार. सिव्हिकमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, झेडमध्ये मागच्या. झेड दिसली की कोल्हापुरात माणसं आधी विचारतात, "ॲव्हरेज किती देती?" आणि गाड्यांचा थोडा नाद असला तर पुढचं वाक्य येतं, "मागच्या चाकावर हाय न्हवं? मग पकड भारी असणार." हे दुसरं वाक्य अर्धंच खरं आहे, आणि ते कुठवर खरं आहे हे आकड्यांत काढता येतं.

टायर रस्त्याला किती धरेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: टायरवर किती भार आहे, आणि रबर व रस्ता यांच्यातला घर्षणगुणांक किती आहे. कोरड्या, चांगल्या डांबरावर हा गुणांक 0.9 च्या आसपास असतो. पाण्याने तो उतरतो. त्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली माती रस्त्यावर आणून पसरली असेल तर 0.4 धरून चालावं.

भाराचा मामला जास्त मजेशीर आहे, कारण गाडी वेग घेऊ लागली की तो जागा बदलतो. चाकं रेटा देतात जमिनीलगत, पण गाडीचा गुरुत्वमध्य त्याच्या अर्धा मीटर वर असतो. त्यामुळे गाडी मागे दबते. मागच्या टायरांवरचा भार वाढतो आणि पुढच्यांवरचा तेवढाच घटतो. गळिताच्या हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढाला लागला की त्याची पुढची चाकं उचलली जातात, तेही याच कारणाने.

आता दोन काल्पनिक गाड्या घेऊ. दोन्हींचं वजन 1200 किलो, पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर अडीच मीटर, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर. पहिली पुढच्या चाकांवर चालणारी. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, सगळं पुढेच कोंबलेलं, म्हणून उभी असताना 62 टक्के भार, म्हणजे 744 किलो, पुढच्या चाकांवर. दुसरी मागच्या चाकांवर चालणारी, निम्म्या-निम्म्या वाटणीची. मझ्दाची 1989 ची एमएक्स-5 किंवा होंडाची 1999 ची एस 2000 अशाच बेताने बांधलेल्या होत्या. हिच्या मागच्या चाकांवर 600 किलो. उभ्या-उभ्या तर पहिलीच सरस.

दोघींना 0.3 जी इतकं त्वरण द्या, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या तीन दशांश. एवढं त्वरण टिकलं तर शून्यावरून ताशी 100 किलोमीटरला साडेनऊ सेकंदांच्या आत पोचता येतं. यात सरकणारा भार येतो 1200 गुणिले 0.3 गुणिले 0.5, भागिले 2.5, म्हणजे 72 किलो. पहिलीच्या 744 मधून 72 गेले, राहिले 672. दुसरीच्या 600 मध्ये 72 आले, झाले 672.

बरोबरी! या भारावर 0.3 जी मिळवायला घर्षणगुणांक साधारण 0.54 लागतो. सगळ्या वादाचं उत्तर या आकड्यापाशी आहे. रस्ता त्याहून चांगला असेल तर मागची चाकं जिंकतात, वाईट असेल तर पुढची. गुणांक 0.9 धरला तर मागच्या चाकांची गाडी 0.55 जी पर्यंत जाते आणि पुढच्या चाकांची 0.47 वर टायर घासू लागते. गुणांक 0.4 धरला तर पुढचीला 0.23 मिळतं, मागचीला जेमतेम 0.22. चिखलातला हा फरक किरकोळ आहे, कोरड्यातला चांगला ठसठशीत. पण कोरड्यात रोजच्या जगण्यात 0.47 च्या वर जातो कोण? कोल्हापुरातल्या फुलेवाडीच्या गर्दीत 0.2 देखील पुष्कळ होतं. म्हणजे मागच्या चाकांचा जो फायदा लोक गृहीत धरतात, तो बहुतेक मालक आयुष्यात वापरत नाहीत. (भावाला हे पटत नाही.)

आणि गगनबावड्याच्या रस्त्यावर, जुलैत, तो फायदा वापरताच येत नाही. जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस त्या तालुक्यात. कळे, असळज ओलांडून करूळ घाटाच्या तोंडाशी जाईपर्यंत रस्ता त्या 0.54 च्या खाली किती वेळा जातो-येतो, ते डोळ्यांना कळतही नाही. अशा वेळी मी सिव्हिकच काढतो. इतकं सांगून लगेच विरुद्ध उदाहरणही द्यायला हवं: याच रस्त्यांवर वडापच्या, म्हणजे सीटवारी प्रवासी नेणाऱ्या, जीपगाड्या वर्षानुवर्षं मागच्या चाकांवर घाट चढत आल्या. त्यांच्या मागच्या भागात माणसं खच्चून भरलेली, शिवाय फळीवर उभी. बिचाऱ्यांना ठाऊक नसेल, पण मागच्या टायरांवर लागणारा भार तेच पुरवत होते. उलट, पुढच्या चाकांची गाडी निसरड्या चढावर अडली तर ती वळवून रिव्हर्समध्ये चढवून बघावी. मग ओढणारी चाकं उताराच्या बाजूला येतात आणि सरकलेला भार नेमका त्यांच्यावर पडतो.

सरळ रस्त्यावरचा हिशोब झाला. झेड चालवताना जे वेगळं वाटतं ते मात्र वळणावर, आणि तिथे प्रश्न भारापेक्षा कामाच्या वाटणीचा आहे.

टायरकडे पकडीची एक ठरावीक शिल्लक असते. ती गाडी पुढे नेण्यात खर्च करा, नाहीतर वळवण्यात. हिशोब सरळ वजाबाकीचा नाही, काटकोन त्रिकोणाचा आहे: 80 टक्के पकड ओढण्यात गेली तरी वळण्यासाठी 60 टक्के उरते, कारण 0.8 चा वर्ग आणि 0.6 चा वर्ग मिळून 1 होतो. पण 95 टक्के ओढण्यात घालवली तर उरते फक्त 31. पुढच्या चाकांच्या गाडीत ही दोन्ही कामं त्याच दोन टायरांवर. म्हणून पन्हाळ्याच्या वळणात सिव्हिकचा ॲक्सिलरेटर जरा आधीच दाबला की स्टिअरिंग वळवलेलं असूनही ती बाहेरच्या बाजूला निघते. झेडमध्ये पुढचे टायर फक्त वळवतात, रेटण्याचं काम मागच्यांचं. स्टिअरिंगमधून हाताला जे कळतं ते निव्वळ रस्त्याचं असतं, त्यात इंजिनाची ओढाताण मिसळत नाही. माझ्या मते या गाड्यांसाठी जास्तीचे पैसे मोजायचं खरं कारण हेच आहे. सेकंदांचं गणित दुय्यम.

चूक झाली तर काय, हे मात्र दोघींचं वेगळं. सिव्हिक बाहेर निघाली आणि घाबरून पाय उचलला, तर बहुतेक वेळा तेच बरोबर ठरतं: भार पुढे येतो, पुढचे टायर पुन्हा धरतात. झेडची मागची बाजू सुटायला लागल्यावर पाय झटक्यात उचलला, तर आहे तो भारही मागच्या टायरांवरून निघून जातो आणि गाडी गिरकी घेऊ शकते. आजकाल इलेक्ट्रॉनिक नियंत्रण बहुतेक वेळा वाचवतं. तरीही मागच्या चाकांच्या गाडीत पाय हळूच उचलायची सवय अंगी लागायला वेळ लागतो.

जपानी इंजिनिअरांना हे सगळं फार आधीपासून माहीत होतं. टोयोटाने 1983 मध्ये साध्या कोरोला पुढच्या चाकांवर नेल्या. इंजिनाची ताकद मागे नेणारा मधला लांब प्रॉपेलर शाफ्ट गेला, पाय ठेवायला जागा झाली, खर्च कमी झाला. पण त्याच पिढीतल्या एई 86 कूपेत मागचीच चाकं ठेवली. होंडाने उलटा हट्ट धरला. 1995 च्या इंटिग्रा टाइप आरमध्ये त्यांनी पुढच्या चाकांना लिमिटेड स्लिप डिफ्रन्शिअल दिला. डिफ्रन्शिअल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी. साधा डिफ्रन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, त्यामुळे वळणात आतलं चाक हलकं होऊन फिरायला लागलं की बाहेरचंही तेवढ्यावरच अडतं. लिमिटेड स्लिपवाला जोर बाहेरच्या चाकाकडे वळवतो आणि गाडी वळणात आत ओढली जाते. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत गाड्यांचं कास्टिंग हाताळणाऱ्यांना या पेटीतली करामत दाखवली की ते स्पोर्ट्स कारच्या रंगरूपाकडे बघतही नाहीत.

ताकद आणखी वाढली की पुढच्या चाकांत दुसरी कटकट सुरू होते. जोरात दाबल्यावर स्टिअरिंग आपोआप एका बाजूला खेचलं जातं. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो चाकाच्या मध्यापासून जितका दूर, तितकी ही खेच जास्त. होंडाने सस्पेन्शनचा खांब आणि वळण्याचा अक्ष वेगळे करून ते अंतर कमी केलं, आणि 2017 ची 320 अश्वशक्तीची सिव्हिक टाइप आर जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवर 7 मिनिटं 43.80 सेकंदांत फिरवून आणली. पुढच्या चाकांच्या बाजारातल्या गाड्यांचा तो त्या वेळचा विक्रम होता. माझ्या सिव्हिकमध्ये 132 अश्वशक्ती, त्यामुळे ही कटकट मला फक्त वाचून माहीत आहे.

खिशाचं बोलायचं तर, पुढच्या चाकांच्या गाडीत पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून मागचे पुढे, पुढचे मागे असं करत राहावं लागतं. गाडी उचलून ॲक्सलचे रबरी बूट बघायचे. ते फाटले की ग्रीस बाहेर, माती आत, आणि वळताना टकटक सुरू. मागच्या चाकांच्या गाडीत प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) आणि डिफ्रन्शिअलचं तेल बघायचं, जे हमखास विसरलं जातं. टायर बदलून लावण्याची सोयही झेडमध्ये नाही, कारण मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद आहेत. मागचे संपले की मागचेच दोन नवे घ्यायचे. ते बिल भाऊ भरतो, रविवारचं पेट्रोल मी.