वाहन रिकॉल : इंधन प्रणालीतील दोष

कारखान्यातच राहून गेलेला सुरक्षेचा दोष उघड झाल्यावर विकलेल्या गाड्या परत बोलावून तो भाग मोफत दुरुस्त करणे किंवा बदलून देणे म्हणजे रिकॉल. इंधन प्रणालीतले दोष मुख्यतः दोन तऱ्हांचे असतात. गळती असेल तर आगीचा धोका. पुरवठा तुटला तर गाडी चालता चालता बंद.

गळतीची भारतातली ठळक उदाहरणे मारुतीची : २०१० साली सुमारे १ लाख ए-स्टार, तर २०१४ साली टाकीच्या फिलर नेकसाठी (इंधन भरायच्या नळीसाठी) १,०३,३११ अर्टिगा, स्विफ्ट व डिझायर. पुढे पंपाचे प्रकरण गाजले. टाकीत बुडालेल्या पंपातला प्लास्टिकचा इंपेलर, म्हणजे इंधन पुढे ढकलणारे फिरते चाक, पेट्रोल शोषून फुगतो, कवचाला घासतो आणि अडकतो. होंडाने यासाठी २०२१ मध्ये ७७,९५४ आणि २०२४ मध्ये ९० हजारांहून अधिक गाड्या बोलावल्या. त्यांतल्या बऱ्याच २०१७-१८ च्या, म्हणजे तोवर हात बदललेल्या.

सोलापुरात घोडे पेंड खाते ते इथेच. पुण्याची एमएच १२ पासिंगची गाडी सेकंडहँड घेऊन इकडे आणली, तरी कंपनीचे पत्र आणि मेसेज पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जात राहतात. गाडी टेंभुर्णीजवळ बंद पडते, टोचन करून गॅरेजला येते, ‘पेट्रोलमध्ये पाणी असेल’ म्हणून टाकी साफ होते, आणि शेवटी नवा पंप मालकाच्याच खिशातून बसतो. वास्तविक आरसीवरचा चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की गाडी यादीत आहे की नाही ते लगेच समजते. जुनी गाडी घेताना टायर ठोकून पाहणारे हे मात्र पाहत नाहीत.

आधी सगळा मामला कंपनीच्या मर्जीवर होता. २०१२ साली वाहन उद्योगाने स्वतःहून आचारसंहिता आणली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि केंद्र सरकारला रिकॉलचा आदेश देता येऊ लागला. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सक्तीचा रिकॉल सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरताच आहे, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात ही मर्यादा तोकडी पडते. बाहेरून बसवलेले सीएनजी किट गाडीच्या कंपनीचे नसते. त्याची गळती तिच्या रिकॉलमध्ये येत नाही, किट बसवणाऱ्यालाच गाठावे लागते.