बँजोवरचा ब्लूग्रास सोलो शून्यातून सुचत नाही

ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीतातून आलेल्या प्रकारात बँजोवादक ऐन वेळी मनाला येईल ते वाजवतो, हा समज जुना आणि चुकीचा आहे. अर्ल स्क्रग्ज यांच्या तीन बोटांच्या शैलीत आधी नुसती चाल एकेक सूर वाजवून पक्की करतात, मग तिच्याभोवती रोल, म्हणजे बोटांच्या ठरलेल्या क्रमाने छेडलेले सूर, भरतात. फॉरवर्ड रोलचे 8 सूर: अंगठा-तर्जनी-मधलं, पुन्हा तेच, शेवटी अंगठा-तर्जनी. म्हणजे अंगठा 1, 4, 7 वर पडतो. चाल अंगठ्याने वाजवत असाल, तर तिच्यातला 5 वर येणारा सूर त्यामुळे 4 वरच, अर्धा ठोका आधी लागतो. सगळी लज्जत त्यातच आहे! तो हट्टाने 5 वर वाजवलात, तर अंगठा लागोपाठ दोनदा मारावा लागतो आणि वेग वाढताच हात अडखळतो. ऐन वेळी बदलतात ते लिक, म्हणजे पाठ असलेले छोटे सुरांचे तुकडे. जी, सी, डी या कॉर्डसाठी (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांसाठी) प्रत्येकी दोन-दोन बसवा आणि कॉर्ड बदलला की लिकही बदला.