एका बिनडोक शर्यतीची कुळकथा

'डेथ रेस' हा चित्रपट २२ ऑगस्ट २००८ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्याकडून कोणी फारशा अपेक्षा ठेवल्या नव्हत्या, आणि न ठेवण्याला सबळ कारणे होती. तो एका जुन्या, स्वस्तात उरकलेल्या चित्रपटाचा रिमेक होता. दिग्दर्शक पॉल डब्ल्यू. एस. अँडरसन यांची ओळख 'मॉर्टल कॉम्बॅट' (१९९५) आणि 'रेसिडेंट ईव्हिल' (२००२) अशा व्हिडिओ गेमवर बेतलेल्या चित्रपटांमुळे झालेली होती. उन्हाळ्यातले मोठे चित्रपट येऊन गेल्यावर ऑगस्टच्या अखेरीस स्टुडिओ जे उरलेसुरले प्रदर्शित करतात, त्यातच त्याची गणना होत होती. असे असूनही डोके बाजूला ठेवून पाहायला बसलेले अनेक जण, ज्यांत प्रस्तुत लेखकही आला, थिएटरमधून चांगलेच खूश होऊन बाहेर पडले. ही खुशी कुठून आली, हे समजण्यासाठी तेहतीस वर्षे मागे जावे लागते.

मूळ कथा त्याहूनही जुनी आहे. इब मेल्चियर यांची 'द रेसर' ही लघुकथा १९५६ साली प्रसिद्ध झाली. रस्त्यावरची माणसे चिरडून गुण मिळवणारा एक शर्यतपटू आणि त्याला हळूहळू येणारे भान, एवढाच तिचा गाभा. ही कथा निर्माते रॉजर कॉर्मन यांच्या हाती पडली, आणि तिचा स्वभावच बदलला.

कॉर्मन हे काटकसरीने झटपट चित्रपट काढण्यात वाकबगार होते. १९७० साली त्यांनी 'न्यू वर्ल्ड पिक्चर्स' ही कंपनी काढली, ती मुख्यतः मोटारीत बसून पाहायच्या ड्राइव्ह-इन थिएटरांना माल पुरवण्यासाठी. (याच कंपनीने स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांचा 'क्राइज अँड व्हिस्पर्स' हा गंभीर कलात्मक चित्रपट अमेरिकेत वितरित केला, हे सांगितले की ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही; कॉर्मन यांना मात्र त्यात काहीच विसंगत वाटत नसावे.) भविष्यकाळातल्या एका जीवघेण्या खेळावर 'रोलरबॉल' नावाचा मोठा चित्रपट तयार होत आहे, हे कळताच त्याच लाटेवर स्वार होण्यासाठी त्यांनी 'डेथ रेस २०००' हाती घेतला. दोन्ही चित्रपट १९७५ सालीच प्रदर्शित झाले. दिग्दर्शन पॉल बार्टेल यांचे होते. 'फ्रँकेन्स्टाइन' या मुखवटाधारी शर्यतपटूच्या भूमिकेत 'कुंग फू' या दूरदर्शन मालिकेमुळे घरोघरी पोहोचलेले डेव्हिड कॅराडाइन होते, तर त्याचा प्रतिस्पर्धी 'मशीन गन जो' साकारला होता सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांनी. स्टॅलोन यांना नावारूपाला आणणारा 'रॉकी' यायला तेव्हा अजून एक वर्ष होते. फ्रँकेन्स्टाइनची मगरीसारखी दातेरी गाडी म्हणजे आतून फोक्सवॅगनचा सांगाडा होता, आणि बारकाईने पाहिल्यास ते लपतही नाही.

हिंसा होती, पण ती उपहासाच्या पाकात बुडवलेली होती. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालणाऱ्या या शर्यतीत वाटेत चिरडलेल्या प्रत्येक माणसाचे गुण ठरलेले असतात: किशोरवयीनांचे ४०, बारा वर्षांखालील मुलांचे ७०, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचे तब्बल १००. हे दर एखाद्या बाजारभावासारखे प्रेक्षकांना ऐकवले जातात. अर्थव्यवस्था कोसळल्याचे खापर सरकार बेधडक फ्रेंचांवर फोडते. एका प्रसंगात वृद्धांच्या रुग्णालयातले कर्मचारी आपल्या रुग्णांना चाकाच्या खुर्च्यांतून रस्त्याच्या मधोमध आणून ठेवतात आणि स्वतः बाजूला थांबून मजा पाहत बसतात. फ्रँकेन्स्टाइनची गाडी भरधाव येते, ऐन वेळी वळते, म्हाताऱ्यांना धक्काही न लावता थेट डॉक्टर-परिचारिकांच्या घोळक्यात घुसते. सगळा प्रसंग मिनिटभराचाही नसेल, पण चित्रपट कोणाच्या बाजूचा आहे हे त्यातून लख्ख कळते.

सर्वांनाच तो कळला असे मात्र नाही. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी त्याला एकही तारा दिला नाही. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, एक्झिडी या कंपनीने 'डेथ रेस' याच नावाचा नाण्यावर चालणारा व्हिडिओ गेम बाजारात आणला. स्टिअरिंग फिरवून पडद्यावर पळणाऱ्या काडीसारख्या आकृत्या उडवायच्या, की एक किंकाळी ऐकू येई आणि त्या जागी थडग्यावरचा क्रूस उमटे. त्या आकृत्या माणसे नसून भुते आहेत, असा खुलासा कंपनीने केला, पण गदारोळ काही थांबला नाही. व्हिडिओ गेममधील हिंसेवरून अमेरिकेत उठलेला हा पहिला मोठा वाद मानला जातो. चित्रपटाचे नाव अशा रीतीने चित्रपटापेक्षा जास्त बदनाम झाले, आणि याच बदनामीने ते जिवंत ठेवले. व्हिडिओ कॅसेटच्या काळात 'डेथ रेस २०००'ला स्वतःचा असा निष्ठावान प्रेक्षक मिळाला.

रिमेकची चर्चा बरीच रेंगाळली. अँडरसन यांची योजना २००० सालीच जाहीर झाली होती. पुढे टॉम क्रूझ आणि पॉला वॅग्नर यांची निर्मितीसंस्था आणि पॅरामाउंट स्टुडिओ तिच्याशी जोडलेले होते. २००६ साली पॅरामाउंट आणि क्रूझ यांचे फाटले आणि प्रकल्प युनिव्हर्सलकडे गेला. तोवर मूळ चित्रपटाच्या शीर्षकातले वर्ष मागे पडून गेले होते, त्यामुळे ते गाळणे भागच होते; पण शीर्षकाबरोबर आणखीही बरेच काही गळाले.

पादचारी गेले. गुणही गेले. मोकळ्या रस्त्यांच्या जागी टर्मिनल आयलंड नावाच्या खासगी तुरुंगाचे बंदिस्त आवार आले, आणि शर्यतपटू म्हणजे तिथलेच कैदी. पाच शर्यती जिंकणाऱ्याला सुटका मिळणार, आणि हे सारे इंटरनेटवरून पैसे मोजणाऱ्या प्रेक्षकांसाठी थेट दाखवले जाणार. जेसन स्टेथम यांचा नायक बायकोच्या खुनाच्या खोट्या आरोपाखाली आत येतो आणि मेलेल्या फ्रँकेन्स्टाइनचा मुखवटा चढवून गाडीत बसतो, कारण लोकप्रिय खेळाडू मेला हे ग्राहकांना कळणे तुरुंगाधिकारी बाईंना परवडणारे नसते. त्या सुरुवातीच्या फ्रँकेन्स्टाइनला आवाज दिला आहे खुद्द कॅराडाइन यांनी. अँडरसन यांनी आपला चित्रपट रिमेक नसून एक प्रकारे मूळ कथेच्या आधीची कथा आहे, असे म्हटले होते. हा युक्तिवाद थोडा सोयीचा आहे, पण अगदीच पोकळ नाही: जिथे आज कैदी मरताना पाहायला लोक पैसे भरतात, तिथे उद्या पादचाऱ्यांवर गुण लावले जातील, अशी ती साखळी.

उपहास काढून घेतल्यावर उरले काय, तर लोखंड. आणि इथेच अपेक्षा कमी असण्याचा खरा फायदा होतो. गाड्या खऱ्या आहेत, त्यांवर ठोकलेले जाड पत्रे आणि मशीन गन डोळ्यांना वजनदार दिसतात, आणि आदळआपट बहुतांशी संगणकावर न रचता प्रत्यक्ष घडवलेली आहे. त्या वर्षांत पडद्यावरची प्रत्येक गोष्ट हळूहळू पिसासारखी हलकी होऊ लागली होती, त्यामुळे हा जडपणा सुखावह वाटला. मधल्या टप्प्यात अधिकारी बाई 'ड्रेडनॉट' नावाचा एक राक्षसी, शस्त्रांनी लगडलेला टँकर मैदानात सोडतात. तो एकेका गाडीचा चुराडा करत येतो आणि अखेर दोन हाडवैरी एकमेकांशी हातमिळवणी करून त्याला लोळवतात. त्या क्षणी कथानकातली भोके मोजत बसण्याचे भान कुणाला राहत नाही. जोन अ‍ॅलन आणि इयन मॅकशेन यांच्यासारखे कसलेले नट हा सारा पोरखेळ चेहऱ्यावरची रेषही न हलवता, पूर्ण गांभीर्याने करतात, हेही तितकेच महत्त्वाचे. कोणी डोळा मिचकावला असता तर सगळेच कोसळले असते.

ईबर्ट यांनी या वेळी अर्धा तारा दिला. त्यांच्या हिशेबाने ही प्रगतीच म्हणायची.

पुढे याच मालिकेत २०१०, २०१३ आणि २०१८ साली तीन चित्रपट निघाले, तेही थिएटर टाळून थेट घरगुती बाजारात. खरी गंमत २०१७ साली झाली. नव्वदी गाठलेल्या कॉर्मन यांनी स्वतःच 'डेथ रेस २०५०' काढला आणि २००८ च्या चित्रपटाने गाळलेले पादचारी, गुण आणि सरकारची टिंगल असे सारे सामान परत गाडीत भरले. उपहासाच्या बाबतीत तो थोरल्या भावाशी अधिक इमान राखतो, हे मान्यच आहे. रात्री उशिरा टीव्हीवर काही लावायचे झाले, की माझा हात मात्र ड्रेडनॉटवाल्याकडेच जातो.