शब्दघटकांवरून समानार्थी शब्द ओळखणे

शब्दातील उपसर्ग, धातू किंवा मूळ शब्द आणि प्रत्यय वेगळे करून त्याचा अर्थ ठरवणे व त्यावरून त्याच अर्थाचे दुसरे शब्द ओळखणे, अशी ही रीत आहे. 'समानार्थी शब्द ओळखा' हा प्रश्न प्राथमिक शाळेतील शिष्यवृत्ती परीक्षेपासून पोलीस भरतीपर्यंत सर्वत्र येतो. मराठी व्याकरणात या रीतीचा विचार शब्दसिद्धी (शब्द कसे बनतात) आणि समास अशा दोन प्रकरणांत विभागलेला असतो.

ही रीत संस्कृत सामासिक शब्दांत सर्वांत चांगली चालते. पाण्याची जल, नीर, अंबू, वारी ही चार नावे आणि -ज (जन्मलेले), -द (देणारा), -धी (साठवणारा) ही तीन अंत्यपदे माहीत असली की बारा शब्द एकदम हाती येतात. जलज, नीरज, अंबुज, वारिज म्हणजे कमळ. जलद, नीरद, अंबुद, वारिद म्हणजे ढग. आणि जलधी, नीरधी, अंबुधी, वारिधी म्हणजे समुद्र. भू व मही यांना -प किंवा -पाल लागला तर राजा होतो, -धर लागला तर पर्वत. मार्गदर्शक पुस्तकांत या अंत्यपदांना सरसकट प्रत्यय म्हटलेले आढळते. काटेकोरपणे पाहता ती जन्, दा, धा, पा अशा धातूंपासून झालेली कृदन्त रूपे (धातूला प्रत्यय लागून बनलेले शब्द) असून हे शब्द उपपद तत्पुरुष, म्हणजे दुसरे पद असे कृदन्त असलेले, समास ठरतात. हा भेद केवळ पारिभाषिक नाही. -ग म्हणजे 'जाणारा' हे धातूसह कळले, तरच खग (आकाशात जाणारा, पक्षी) आणि नग (न जाणारा, पर्वत) एकाच घडणीचे असूनही समानार्थी का नाहीत, हे कळते.

या रीतीच्या मुळाशी असलेला वाद फार जुना आहे. वैदिक शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काच्या 'निरुक्त' या ग्रंथाचा काळ साधारणपणे इ. स. पू. सातवे ते चौथे शतक यांदरम्यान मानतात. बहुतेक अभ्यासक यास्काला पाणिनीच्या आधी ठेवतात, मात्र उलट मतही मांडले गेले आहे. सर्व नामे धातूंपासून झाली, हे शाकटायन या वैयाकरणाचे व नैरुक्तांचे (व्युत्पत्तिकारांचे) मत यास्काने नोंदवले असून गार्ग्याने घेतलेला आक्षेपही दिला आहे. 'अश्' म्हणजे व्यापणे यापासून अश्व झाला असेल, तर वाट व्यापणाऱ्या कुणालाही अश्व म्हणावे लागेल, असे गार्ग्य म्हणतो. एकच काम करणाऱ्यांपैकी काहींनाच ते नाव मिळते, काहींना मिळत नाही, असे यास्काचे उत्तर आहे व त्यासाठी तो तक्षा (सुतार), परिव्राजक हे दाखले देतो. पुढे हेच 'योग' (घटकांवरून निघणारा अर्थ) व 'रूढी' (वापरातून ठरलेला अर्थ) या संज्ञांत मांडले गेले. पंकज हा योगरूढ, म्हणजे दोन्ही लागू असलेला, शब्द आहे. चिखलात बेडूकही जन्मतो, पण पंकज म्हणजे कमळच. 'रूढिर्योगाद् बलीयसी' (योगापेक्षा रूढी बलवान) हे वचन परीक्षार्थीने पहिल्याच दिवशी शिकावे, इतके ते कामाचे आहे.

अमरसिंहाच्या 'अमरकोश' या संस्कृत समानार्थी शब्दांच्या कोशाच्या काळाबद्दल एकमत नाही. चौथ्यापासून आठव्या शतकापर्यंत तर्क केले जातात. विक्रमादित्याच्या नवरत्नांशी त्याला जोडणाऱ्या परंपरेला स्वतंत्र पुरावा मिळत नाही. कोशात पर्याय श्लोकबद्ध आहेत. त्यांची फोड मुख्यतः टीकाकारांनी, अकराव्या शतकातील क्षीरस्वामी व सतराव्या शतकातील भानुजी दीक्षित यांसारख्यांनी केली.

चुकीच्या फोडीतूनही समानार्थी शब्द जन्मतात, ही बाब पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. देव या अर्थाचा 'सुर' हा शब्द प्रत्येक शालेय यादीत असतो. परंतु ऋग्वेदात 'असुर' हे वरुणासारख्या देवतांचे गौरवाचे विशेषण आहे. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातील 'अहुर' त्याचाच भाऊबंद. त्याचा संबंध 'असु' (प्राण) याच्याशी जोडला जातो. पुढे त्याचा अर्थ पालटला, आरंभीचा अ नकारार्थी समजला गेला आणि उरलेल्या 'सुर'ला देव हा अर्थ मिळाला. सुरा स्वीकारली म्हणून सुर, ही पारंपरिक व्युत्पत्ती नंतरची दिसते. 'विधवा'चेही असेच. लॅटिन 'विदुआ' व इंग्रजी 'विडो' पाहता हा शब्द मुळात अखंड असावा. वि + धवा अशी फोड करून 'धव' म्हणजे पती हा शब्द निघाला. यास्क धव हे मनुष्यवाचक नाव म्हणून देतो आणि अमरकोश त्याला पतीच्या पर्यायांत बसवतो, तेव्हा ही फोड पुष्कळ जुनी आहे. 'असित' (काळा) यातून 'सित' (पांढरा) निघाला, हे मतही याच धर्तीचे व ग्राह्य वाटते.

उपसर्गांची संख्या परंपरेने २२. निस्-निर् व दुस्-दुर् एकत्र धरल्यास २०. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून (१९११) पुढे संस्कृत उपसर्गांबरोबर आड-, पड-, भर- हे मराठी आणि बे-, गैर-, ना- हे फार्सी-अरबी उपसर्गही विचारात घेतले जातात. उपसर्गांनी फसगतही होते. 'अमूल्य' म्हणजे किंमत नसलेले नव्हे, किंमत करता न येणारे. 'अनुपम' अनु + पम नसून अन् + उपमा आहे; 'अनुदार' व 'अनुसार' सारखे दिसले तरी फोड वेगळी. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार हे सर्व 'हृ' धातूचे असून एकही दुसऱ्याचा पर्याय नाही.

ठाण्याचे नावच या विषयाचा चांगला दाखला आहे. शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत हे नगर 'श्रीस्थानक' म्हणून येते. स्थान, ठाण, ठाणे, ठाणेदार हे सारे 'स्था' धातूचे. पैठणचे मूळ 'प्रतिष्ठान'ही त्याच धातूचे, त्यामुळे दोन्ही गावे व्युत्पत्तीने बहिणी ठरतात. संस्था, अवस्था, आस्था, व्यवस्था हेही त्याच कुळातले, पण त्यांना एकमेकांच्या जागी ठेवता येत नाही. १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथ संग्रहालय आणि महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था (१९८७) यांमुळे ठाण्यात वाचन व स्पर्धा परीक्षांची तयारी यांना जुना आधार आहे. ठाणे शहर, ठाणे ग्रामीण व नवी मुंबई येथील पोलीस भरतीच्या १०० गुणांच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण हा चारपैकी एक विषय असतो.

बँक परीक्षांच्या इंग्रजीसाठी हीच रीत लॅटिन घटकांवर वापरतात. 'मॅग्नॅनिमस' म्हणजे मॅग्नुस (महा) + अनिमुस (मन), अर्थात आपला 'महामना'. 'बेनेव्होलंट' म्हणजे भले इच्छिणारा, हितैषी. इंग्रजीतही फसवे शब्द आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाणाऱ्या इंधनाच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेले असते. तिथला 'इन' नकारार्थी नसून 'आत' या अर्थाचा आहे, त्यामुळे 'फ्लेमेबल' हा विरुद्धार्थी शब्द न होता समानार्थीच ठरतो.

देशी शब्दांपुढे ही रीत थांबते. दगड व धोंडा समानार्थी आहेत, पण दोन्ही फोडून काही हाती लागत नाही, झाडाचेही तसेच. हे शब्द वापरातूनच कळतात.